अक्काला फोनात घातलं त्याची हकीकत

आमच्या घराण्यात तीन भाषांतून एकाच दिवशी शिव्या खाण्याचा मान पहिल्यांदा मला मिळाला. याआधी माझ्या एका चुलत्याने मराठी आणि कानडीत खाल्ल्या होत्या, पण उर्दूपर्यंत त्याची मजल गेली नव्हती.

मी दिगंबर. कर्नाटकातल्या बिदरकडच्या, सीमेलगतच्या हुलसूरला एका शाळेत संगणक शिकवतो. गावात कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं आधार कार्ड फोनात उघडेना, कुणाच्या जावयाचा पासवर्ड हरवला, की 'मास्तरला विचारा' म्हणतात. मास्तर म्हणजे मी. (हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे घडलं ते वाचल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

आणि अक्का म्हणजे माझी आई. तिच्या धाकट्या भावाने, किशनमामाने, तिला लहानपणापासून अक्का म्हटलं, मग गल्लीने म्हटलं, मग गावाने, आणि पोराने तरी वेगळं काय म्हणावं म्हणून मीही अक्काच म्हणतो. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. अक्काने पुढच्या खोलीत तवा मांडला आणि खानावळ सुरू केली. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी. त्या तव्यावर मी बी.एस्सी. झालो, माझं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. अक्काचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचा माझा काडीचाही विचार नाही.

अक्काचं कसब नुसतं हातात नाही, जिभेत पण आहे. माणूस उंबऱ्यात आला की त्याने तोंड उघडायच्या आधी तिला कळतं याला कोणत्या भाषेत वाढायचं. कचेरीतल्या साहेबाला कानडीत "ऊटा माडरी, सर". गॅरेजवाल्या महेबूबभाईला "और एक रोटी लेव, शरमाओ नक्को". उदगीरकडून आलेल्या पाहुण्याला "जेवा की पोटभर, लाजायलाव कामून?" अक्का शाळा चौथीपर्यंत शिकलेली, तीही मराठी. बाकीच्या भाषा तिने भाकरी थापता थापता उचलल्या.

तर अशा या खानावळीला उतरती कळा लागली. हुलसूर तालुका झालं, कचेऱ्या आल्या, त्यांच्या मागे चकचकीत हॉटेलं आली. बिदरहून, कलबुर्गीहून येणारी नवी माणसं फोनमध्ये बघून जेवायला जाऊ लागली. दुपारची पंगत पातळ झाली. एक दिवस अक्का तव्याशेजारी बसून म्हणाली, "दिग्या, आजकाल मान्सं नाकानं हाटेल धुंडीत न्हाईत, बोटानं धुंडायलेत. आपुन त्या फोनात हाव का?"

"न्हाई अक्का."

"मग घाल की मला फोनात. एवढा संगणकाचा मास्तर हायस."

"घालतो."

"दिवाळीपतुर बघते. गिऱ्हाईक आलं तर आलं. न्हाई तर तवा पालथा घालून तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बसते."

माझी बायको सुलभा आत कांदा चिरत होती. चिरायचं थांबलं. अक्का रिकामी बसून घरातल्या स्वयंपाकात लक्ष घालणार, या कल्पनेनेच तिचा हात अडला असावा. पण मला खरी कळ लागली ती वेगळीच. तवा पालथा घातलेली अक्का मी डोळ्यांसमोर आणून बघितली आणि ते काही मला बघवेना. त्याच दिवशी मी कामाला लागलो.

वेबसाइट करायची तर अक्काच्या तोलामोलाची करायची, म्हणजे तिन्ही भाषांत. शेजारच्या किराणा दुकानाचे काशिनाथअण्णा पक्के कन्नड, त्यांच्याकडून कानडी मजकूर घेतला. महेबूबभाईंकडून उर्दू घेतला. मराठी माझा स्वतःचा. (तो वाचून सुलभा म्हणाली होती, "इतकं तर तुम्ही माझ्याबद्दल लग्नाआधीसुद्धा लिहिलं न्हवतं.") वर मधोमध अक्काचा फोटो. कपाळभर कुंकू (वडील गेल्यावरही तिने ते पुसलं नाही), डोक्यावर पदर. फोटोभोवती झेंडूच्या फुलांची महिरप. त्याखाली पाहुण्यांचं स्वागत म्हणून जोडलेल्या दोन हातांचं चित्र. मागची पार्श्वभूमी काळी, कारण काळ्यावर झेंडू उठून दिसतो. मग तीन भाषांतला मजकूर, जेवणाची वेळ इंग्रजी आकड्यांत बारा ते तीन, आणि शेवटी अक्काचा फोन नंबर.

माझ्या संगणकावर ते पान असं देखणं दिसत होतं की मी खुर्ची मागे सरकवून लांबून बघितलं, मग उभं राहून बघितलं. अक्काने संगणकापुढे नारळ फोडला. (कीबोर्डात पाणी गेलं. 'ळ' तेव्हापासून दोनदा दाबावा लागतो.) मी पान नेटवर चढवलं आणि पत्ता गावभर धाडून दिला.

आता इथे एक गोष्ट वाचकांना आत्ताच सांगून टाकतो, कारण मला ती फार उशिरा कळली. ते पान माझ्या संगणकाखेरीज जगात कुठेही नीट दिसत नव्हतं.

कारण अगदी साधं. मराठी मी माझ्या लाडक्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या फॉन्टमध्ये आत साठलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना वरून मराठी कपडे चढवतो. ज्या फोनात तो फॉन्ट नाही, तिथे कपडे गळतात आणि नुसती इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. कानडी आणि उर्दू नव्या पद्धतीने, युनिकोडमध्ये होतं. पण पानाच्या माथ्यावर 'ही अक्षरं या पद्धतीने वाचावीत' अशी एक ओळ लिहावी लागते, ती मी लिहिलीच नव्हती. माझ्या संगणकाला ते मी कधीतरी सेटिंगमध्ये सांगून ठेवलं होतं, म्हणून तो बिचारा गुमान वाचून दाखवायचा. गावाच्या फोनांना कोण सांगणार? तिथे कानडीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ मारलेले ए आणि त्यांच्या खांद्यावर बसलेले चिमुकले दोन. उर्दूच्या जागी पोटातून रेघ गेलेली शून्यं, ओळीनं.

मी ते फोनवर एकदा तरी बघायला नको होतं का? नको होतं. मी केलेलं होतं ना ते.

दुसऱ्या कुठल्याही मुलखात लोकांनी लगेच सांगितलं असतं, 'मास्तर, तुमचं पान बिघडलंय.' पण हा आमचा मुलूख आहे. इथे माणसाला रोज कुठे ना कुठे वाचता न येणारी पाटी दिसते आणि तो मनाला लावून घेत नाही. आपल्याला कळत नाही म्हणजे ते दुसऱ्याच्या भाषेत आहे, हे इथे पाळण्यातच कळतं. आणि दुसऱ्याच्या भाषेला नावं ठेवायची नाहीत, हेही. त्यामुळे सगळ्या गावाने माझं पान बघितलं, कुणालाही एक अक्षर कळलं नाही, आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

काशिनाथअण्णा म्हणाले, "भारी झालंय मास्तर. पर मराठी जरा जास्त झालं बघा. ते पण इंग्रजी अक्षरात लिवलाव. आमचं कन्नड कुटं हाय?"

"खाली आहे अण्णा. सरकवा की."

त्यांनी सरकवलं. "व्हय व्हय," म्हणाले. पण चेहरा पडला होता. मला वाटलं, कानडी खाली टाकली म्हणून माणूस दुखावला. घरी जाऊन कानडी वर घेतली.

दुसऱ्या दिवशी महेबूबभाई. हातात पाना, गालावर ग्रीस. "माशाल्ला मास्टर, क्या बनाए! लेकिन एक बात बोलो. अंडे पे लकीर कैकू मारे?"

"अंडं?"

"अंडाच है ना वो? गोल, बीच में लकीर. अंडा बंद बोल के?"

श्रावण चालू होता. मी म्हटलं, "हौ भाई, श्रावण है. अंडा बंद."

"वो ठीक है. मगर इत्ते बार कैकू लिखे? एक बार बोले तो समझते हम."

हा उर्दूचा मजकूर वर नसल्याचा टोमणा आहे असं मी समजलो आणि घरी जाऊन उर्दू वर घेतलं. मग खटकचिंचोळीहून किशनमामाचा फोन आला. "भाच्या, पान बघितलं. सगळं कानडीतच कामून घातलास रं? आपल्या मान्सानं काय वाचावं?" मी मराठी वर घेतलं. असं आठवडाभर रोज एक भाषा वर चढत होती आणि रोज दोन माणसं नाराज होत होती. सीमाभागातल्या भाषिक प्रश्नाची खोली मला त्या आठवड्यात कळली, असं मी स्टाफरूममध्ये सांगतही होतो.

गिऱ्हाईक मात्र येईना. एकदाच फोन वाजला. कलबुर्गीकडच्या कुणा माणसाचा. अक्काने उचलला.

"अक्का, आमचं काम व्हईल का?"

"व्हईल की. किती मान्सं हाव?"

"मी एकटाच हाय. लई दिवसाचं हाय."

"मग या की. बारानंतर मी बसलेलीच असते."

माणूस खरंच आला. अंघोळ करून, नारळ आणि लिंबू घेऊन आला, आणि तव्यासमोर हात जोडून मांडी घालून बसला. फुलातला फोटो, मोठं कुंकू, जोडलेले हात, न कळणारी अक्षरं, बसायची वेळ. त्याला वाटलं अक्काच्या अंगात येतं. अक्काने लिंबू उचललं, दोन फोडी केल्या, एक त्याच्या ताटात ठेवली आणि वर भाकरी वाढली. तो निमूट जेवला. जाताना पाया पडून विचारलं, "अजून काय करावं लागंल?"

"काही न्हाई," अक्का म्हणाली. "रोज असंच पोटभर जेवत जावा."

त्याचं काम झालं की नाही माहीत नाही. पण मला तेव्हाही काही खटकलं नाही, हे मला आज खटकतं.

श्रावण सरला, भाद्रपद आला, आणि मग तो दिवस उजाडला. मी तासावर जायच्या घाईत होतो. भावकी-सोयऱ्यांच्या ग्रुपवर पानाचा पत्ता पुन्हा एकदा टाकावा, दिवाळी जवळ येत चालली आहे, असं मनात आलं. पहिल्या वेळी 'आपली खानावळ' असं वर लिहिलं होतं, आता दोन शब्द लिहायला वेळ नव्हता. नुसता पत्ता टाकला. आमच्या ग्रुपवर पत्ता टाकला की त्या पानाचं लहानसं चित्र आपोआप दिसतं. चित्रात काळ्यावर झेंडूच्या महिरपीत अक्का, खाली जोडलेले हात आणि बारा ते तीन. फोन स्टाफरूमच्या कपाटात ठेवून मी वर्गात गेलो.

आमच्याकडे तेवढं चित्र पुरतं. रोज सकाळी कुणाचा ना कुणाचा असा फोटो येतोच, आणि माणूस मजकूर वाचत बसत नाही, वेळ बघतो आणि निघतो. भावकी-सोयऱ्यांनीही वेळ बघितली. (मामाने ते पान आधी बघितलं होतं, पण मामीने गळा काढल्यावर त्याला ते आठवलंच नाही.) मला फोन लावले, मी वर्गात. अक्काला लावले, अक्का दळण घेऊन गिरणीत आणि फोन घरी उशाला. दोघेही उचलत नाहीत म्हटल्यावर कुणाला शंका राहिली नाही.

मधल्या सुट्टीत मी जेवायला घराकडे निघालो तर आमच्या गल्लीच्या तोंडाला दोन जीपगाड्या. खटकचिंचोळीची एक, मंठाळची एक. खानावळीसमोर बायका बसलेल्या, डोक्यावरून पदर ओढलेले, आणि मामी मधोमध गळा काढून रडत होती. मामीचा आवाज तसा प्रसिद्ध आहे. प्रत्येकीजवळ फडक्यात बांधलेली भाकरी आणि पिठल्याचा डबा. घरात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी भाकरी-पिठलं घेऊन यायचं आणि घरच्यांना दोन घास खायला लावायचे, ही आमच्याकडची रीत. खानावळीत लोक डबे घेऊन आलेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले.

सकाळी तर अक्का धडधाकट होती. सुलभा पोरांच्या शाळेत पालकसभेला गेलेली. मामा मला बघून धावत आला, गळ्यात पडला आणि "दिग्या, पोरका झालास रं" म्हणाला. मी रडायला लागलो. (कोण गेलं हे मी विचारायला हवं होतं. पण मामी ज्या आवाजात रडत होती, त्या आवाजापुढे कुणालाच काही विचारता आलं नसतं.)

इतक्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून अक्का आली. कडेवर पिठाचा डबा. आपल्या दारात बायका रडताना बघितल्या आणि तिने जे केलं ते आमच्याकडची कुणीही बाई करेल तेच केलं. आधी रडायचं, मग विचारायचं. डबा खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि मामीच्या गळ्यात पडून तिच्याही वर आवाज चढवला. दोघी गळ्यात गळा घालून हेलकावे खात रडत होत्या. थोड्या वेळाने अक्काने हुंदका आवरून विचारलं, "कोन गेलं गं पर?"

"अक्का गेल्या वो," मामी तिच्या खांद्यावर रडत म्हणाली. "भाकरी वाढणारी माय गेली."

"कवा?"

"आज सकाळीच."

"काय झालं हुतं?"

मामीने उत्तर द्यायला मान वर केली. त्यानंतर मामीच्या तोंडून जो आवाज निघाला त्यापुढे आधीचं रडणं काहीच नव्हतं. बायका उठून पळाल्या. एका म्हातारीने पिठल्याचा डबा अक्काच्या दिशेने पुढे करून "घे बाई, आन जा" म्हटलं.

आरडाओरडा ऐकून काशिनाथअण्णा दुकानातून हात जोडत आले आणि अक्का समोर दिसल्यावर हात तसेच जोडलेले राहिले. महेबूबभाई गॅरेज उघडं टाकून आले. मामाला आता दुःख ओसरून राग आला होता.

"ह्याच्यावर आलंय," त्याने फोन नाचवला. "भावकीच्या ग्रुपवर. कुनी टाकलं? दिग्यानं टाकलं!"

"मामा, ती खानावळीची वेबसाइट आहे," मी म्हटलं. "लिहिलंय की खाली सगळं."

"ते मला काय कळतंय? कानडीत लिवलंय ते."

काशिनाथअण्णांनी फोन हातात घेतला. "कन्नड? कुटं हाय वो कन्नड? हे मराठी हाय. इंग्रजी अक्षरातलं मराठी. मी पयल्या दिवशीच म्हनलं हुतं मास्तरला."

"मराठी?" मामा म्हणाला. "माझ्या सात पिढ्या मराठी. ह्याच्यात मराठी कुटं हाय?"

महेबूबभाईंनी दोघांच्या मधून मान घातली. "मैं तो बोलतूं तेलुगू है. औराद वालों के वास्ते डाले बोल के मैं चुप बैठा. मेरा उर्दू काँ है इसमें? ये तो पूरे अंडे हैं."

तिन्ही डोकी फोनावर वाकलेली होती. मग तिन्ही डोकी सावकाश वर आली आणि माझ्याकडे वळली. मी मामाच्या हातातून फोन घेतला आणि माझं पान पहिल्यांदा दुसऱ्याच्या फोनवर बघितलं.

मी शिकलेला माणूस आहे. एका नजरेत सगळा रोग माझ्या लक्षात आला. फॉन्ट कुठे गळला, ओळ कुठे राहिली, आठवडाभर मी कुणाची कोणती भाषा वर-खाली नाचवत होतो, सगळं लक्षात आलं. आणि त्या क्षणी मला ते लक्षात आलं नसतं तर फार बरं झालं असतं. कारण पुढची दहा मिनिटं मामा मराठीत, अण्णा कानडीत आणि महेबूबभाई दखनी उर्दूत माझ्याशी बोलत होते. एकमेकांना थांबून वाट करून देत होते. आमच्याकडची एकोप्याची परंपरा काय आहे ते मी डोळ्यांनी बघत होतो.

अक्काने पिठाचा डबा उचलून ओट्यावर ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं. "फोनात घाल म्हनलं हुतं रं तुला," ती म्हणाली. "मातीत न्हाई."

मग तिने मामीचा डबा उघडला, पिठल्यात बोट बुडवून चाखलं आणि तिची मुद्रा बदलली. "मीठ न्हाई, तिखट न्हाई. माझ्या मरनाला हे असलं पिठलं आनलीस?"

"घाईत केलं वन्सं," मामी डोळे पुसत म्हणाली. "रडत रडत केलं."

"रडत केलं तर मीठ जास्त व्हायला पायजे हुतं."

एवढं बोलून अक्का आत गेली आणि तिने चूल पेटवली. उंबऱ्यावर उभी राहून सगळ्यांना हाक मारली. "माझ्या दारातून कुनी उपाशी गेलं न्हाई. माझ्या मौतीला आलेलं तर बिलकूल जायचं न्हाई. बसा. अण्णा, कूडरी. महेबूबभाई, हात धोके आव."

पंगत बसली. जीपचे ड्रायव्हर बसले. तमाशा बघायला थांबलेले कचेरीतले दोन-चार जण होते, त्यांनाही अक्काने हाताला धरून बसवलं. भाकऱ्या फुगत होत्या, ताटात पडत होत्या, अक्का तीन भाषांत आग्रह करत होती आणि जो तो तिला हात लावून खात्री करून घेत होता. मगाशी जीपमधून रडत आलेली माणसं आता चटणी मागत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या आईने स्वतःच्या सुतकाची पंगत उठवून दाखवली होती, आणि तेही पीठ मळून, गरमागरम. छाती भरून आली माझी. मला कुणी ताट दिलं नाही ही गोष्ट वेगळी.

त्यानंतरच्या रविवारी दुरुस्तीला बसलो. खानावळीच्या ओट्यावर संगणक मांडला, कारण अक्काने हुकूम काढला होता की आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायचं. मामा खटकचिंचोळीहून खास आला. तिघे आपापले फोन धरून परीक्षकांसारखे बसले. मराठी मी पुन्हा पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप केलं. ('खानावळ' शब्दाला 'ळ' दोनदा दाबत.) माथ्यावर ती ओळ घातली. महिरप काढली, काळं काढलं, जोडलेले हात काढले आणि पान पुन्हा चढवलं.

"बघा आता."

काशिनाथअण्णांनी चष्मा सारखा केला. ओठ हलू लागले, मग आवाज फुटला. आपलंच कानडी ते मोठ्याने वाचू लागले, पहिलीतलं पोर वाचतं तसं एकेका शब्दावर बोट ठेवून. "बंतु," म्हणाले. "आलं. सगळं आलं मास्तर."

महेबूबभाई मात्र मान वाकडी करून बघत होते. "हरफां तो आए. मगर लकीर उल्टी है. उर्दू सीधे हात से शुरू होता ना मास्टर? तुम बाएँ से बिठाए. टिंब्बा आगे, बात पीछे."

खरं होतं. उर्दूला उजवीकडून चालायचं आहे हे पानाला वेगळं सांगावं लागतं. सांगितलं. महेबूबभाईंनी पुन्हा बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. (शर्टाला ग्रीस लागलं. सुलभाने ते अजून काढलेलं नाही, दाखवायला ठेवलंय.)

मग मी मामाचा फोन अक्काच्या हातात दिला. अक्काला मराठी सावकाश वाचता येतं. तिने पदराने हात पुसले, फोन लांब धरला आणि वाचलं, "अक्काची खानावळ. हुलसूर." पुढे काही वाचलं नाही. तेवढंच परत एकदा वाचलं. मग मामाला म्हणाली, "किशन, बघ रं. माझं नाव. माझ्या लेकानं लिवलंय." मामाने शेकडो वेळा बघितलेलं नाव पुन्हा बघितलं आणि मी संगणकात काहीतरी शोधायचं नाटक करत तोंड फिरवलं.

दिवाळी आली आणि गेली. तवा पालथा झाला नाही, उलट शेजारी दुसरा आला. आता दुपारी बाहेर बाकावर माणसं थांबलेली असतात. निम्मी पान वाचून येतात. निम्मी 'स्वतःच्या दुखवट्याला भाकरी वाढणारी अक्का हीच का?' म्हणून बघायला येतात, आणि जेवून जातात. निम्मी ती आणि निम्मी ही हा हिशेब माझा आहे. अक्काच्या मते पान वाचून फक्त काशिनाथअण्णा येतात.

गर्दी आवरेना म्हणून अक्काने रविवारी मला कामाला लावलंय. गावातला एकमेव संगणकतज्ज्ञ मी, खांद्यावर पंचा टाकून आणि हातात जग घेऊन पंगतीतून फिरत असतो. एका कोपऱ्यातून हाक येते, "मास्तर, पाणी!" दुसऱ्यातून, "मेष्ट्रे, नीरू!" खिडकीजवळून, "मास्टर, पानी लाव!" तिन्ही भाषा, तिन्ही एकदम, आणि कुठेही एक अक्षर गळत नाही.